ऑनलाइन वर्गाला व्हरांडा नसतो

शाळेत शिक्षकांचं आणि मुलांचं नातं नेमकं कधी जुळतं, याची नोंद कुठल्याच दप्तरात नसते. परिपाठाच्या रांगेत एखाद्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण बाईंना दिसतं. मधल्या सुट्टीत डबा न आणलेली मुलगी एकटीच बसलेली दिसते. तास संपल्यावर सर फळा पुसत असताना एखादा मुलगा उगाच रेंगाळतो आणि सगळे गेले की म्हणतो, "सर, ते तिसरं गणित परत सांगाल?" वेळापत्रकात यातल्या कशालाही जागा नाही. तास होतो वर्गात. नातं जुळतं ते तासाच्या कडेला, व्हरांड्यात.

ऑनलाइन वर्गात ही कड उरतच नाही. लिंक उघडली की थेट धडा, लाल बटण दाबलं की थेट स्वयंपाकघर. ज्यांनी प्रत्यक्ष वर्गाचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलून पडद्यावर ठेवलं, त्यांचा अभ्यासक्रम कदाचित पूर्ण झाला असेल. पण मुलांना एकमेकांची नावंही माहीत नाहीत, अशी स्थिती वर्ष संपत आलं तरी राहू शकते.

यावरून 'ऑनलाइनमध्ये नातं जुळूच शकत नाही' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण दूरशिक्षणाचा अभ्यास करणारे गेली पन्नास वर्षं वेगळं सांगत आहेत. नातं जुळतं, पण आपोआप जुळत नाही. इमारतीत जे फुकट मिळतं ते इथे ठरवून आणि वेळ काढून करावं लागतं.

अंतर कशाने वाढतं

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९७०च्या दशकापासून एक विचार मांडला. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यातलं खरं अंतर गावांमधलं नसतं, ते समजुतीतलं आणि संवादातलं असतं. हे अंतर दोन गोष्टींवर ठरतं: दोघांत बोलणं किती होतं, आणि शिकवण्याची चौकट किती घट्ट आहे. बोलणं कमी आणि चौकट घट्ट असेल तर अंतर वाढतं. तिसरी गोष्ट विद्यार्थ्याची: तो स्वतःचं स्वतः किती शिकू शकतो. मोठा, सरावलेला विद्यार्थी जास्त अंतर पेलतो. तिसरीतलं पोर पेलत नाही.

एक ओळखीचं उदाहरण घेऊ. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलिमिली' ही मालिका सुरू झाली. ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता पण टीव्ही होता, तिथे ती पोहोचली, आणि त्या काळात हे लहान काम नव्हतं. पण टीव्हीला मुलाचं बोलणं ऐकू येत नाही. मूर यांच्या हिशेबात कार्यक्रम कितीही चांगला असला तरी संवाद शून्यच. उलट, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं फोनवर बोलणाऱ्या बाई शंभर किलोमीटरवर असल्या तरी जवळच्या ठरतात. आणि दोनशे मुलांच्या कॉलेजच्या हॉलमध्ये मागच्या बाकावर बसलेला मुलगा प्राध्यापकांपासून चांगलाच लांब असू शकतो, हेही मान्य करायला हवं.

नुसती उत्तम सामग्री पुरत नाही, याचा मोठा पुरावा खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत आहे. हार्वर्ड आणि एमआयटी या नावाजलेल्या विद्यापीठांच्या अशा अभ्यासक्रमांची सहा वर्षांची माहिती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे होते फक्त ३.१३ टक्के. नाव नोंदवणारा प्रत्येक जण पूर्ण करायच्या इराद्याने येत नाही, हे खरं. तरीही, तुम्ही आलात की गेलात हे ज्या वर्गात कोणाच्याच लक्षात येत नाही, तिथून निघून जाणं फार सोपं असतं.

२००० साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातले गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी ऑनलाइन वर्गाचा एक आराखडा मांडला. तो आजही वापरात आहे. त्यांच्या मते वर्गात तीन प्रकारची उपस्थिती लागते: विषयाशी झटापट, शिक्षकाचा हात, आणि माणूस म्हणून एकमेकांची जाणीव. तिसरी कमी पडली की पहिल्या दोन कोरड्या पडतात. आपल्याकडे हजेरी घेतली जाते ती लॉगिनची; या तिसऱ्या उपस्थितीचा रकानाच नसतो.

सेकंदाचा पाचवा भाग

आता थोडं तंत्राकडे, कारण बरेच गैरसमज इथून सुरू होतात.

माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात किती वेळ जातो? २००९ मध्ये जगातल्या दहा भाषांवर झालेल्या अभ्यासात तो सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाला. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. भाषेभाषेत थोडा फरक आहे, पण सगळीकडे माणूस समोरच्याचं वाक्य संपण्याआधीच आपलं उत्तर तयार करत असतो. हे जमतं ते चेहरा, श्वास, मानेची हालचाल, सुराचा उतार पाहून आणि ऐकून.

नेटवर आवाज उशिरा पोहोचतो. कमकुवत रेंजमध्ये हा उशीर सेकंदाच्या घरात जातो. गंमत अशी की ऐकणाऱ्याला तो नेटचा दोष वाटत नाही, तो माणसाचा दोष वाटतो. संभाषणात मुद्दाम उशीर घालून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. उशीर वाढला तसे पलीकडचे लोक कमी लक्ष देणारे वाटू लागले, आणि असं वाटणाऱ्यांना जोडणीतच उशीर आहे याचा पत्ताच नव्हता.

हे वर्गात आणून पाहा. बाई विचारतात, "समजलं का?" मुलगी म्यूट काढायला बटण शोधते, मागे मिक्सर चालू आहे म्हणून थांबते, मग "हो बाई" म्हणते. तोवर बाई पुढे गेलेल्या असतात. बाईंना वाटतं, पोरं ढिम्म आहेत. मुलीला वाटतं, बाईंना आपलं ऐकायचंच नाही. दोघींचंही काही चुकलेलं नाही. पण हे दिवसातून वीस वेळा घडलं की मुलगी बटण शोधायचं सोडून देते.

इलाज साधा आहे, पण अवघड वाटतो: थांबायचं. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शाळांतल्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासलं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक झाली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. हे प्रत्यक्ष वर्गातलं. ऑनलाइनमध्ये त्यात नेटचा उशीर आणि म्यूटचं बटण धरा, म्हणजे माझ्या मते दहा सेकंद तरी हवेत. दहा सेकंदांची शांतता शिक्षकाला भयंकर वाटते. म्हणून मोठ्याने सांगून टाकावं, "मी थांबतोय, घाई नाही." आणि "समजलं का?" हा प्रश्न तर बंदच करावा. त्याला 'हो' शिवाय दुसरं उत्तर कोणी देत नाही.

कॅमेऱ्याची भांडणं

"सगळ्यांनी कॅमेरे चालू करा!" या वाक्याने ऑनलाइन वर्गात जितकी कटुता आणली तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने आणली असेल. शिक्षकाची अडचण खरी आहे. काळ्या चौकोनांशी तासन्‌तास बोलणं माणसाला आतून थकवतं. आपण विहिरीत बोलतोय असं वाटू लागतं.

पण पलीकडच्या बाजूनेही पाहू. कॉर्नेल विद्यापीठात २०२० साली जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कॅमेरा बंद का ठेवता असं विचारलं, तेव्हा सगळ्यात जास्त आलेलं कारण होतं आपण कसे दिसतो याची काळजी. मागे कोण दिसेल, काय दिसेल, ही भीती आणि कमकुवत नेट हीदेखील मोठी कारणं होती. हे अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठातल्या मुलांचं. दोन खोल्यांच्या घरात, मागे आजोबा झोपलेले, आई भांडी घासतेय, फोन दादाचा आणि डेटा संपत आलेला, अशा घरातल्या सातवीतल्या मुलीकडे कॅमेरा बंद ठेवायची कारणं याहून कितीतरी जास्त असतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या फेरीत देशातल्या जेमतेम २४ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के. त्यानंतर स्मार्टफोन झपाट्याने वाढले, पण फोन घरात असणं आणि तो मुलीच्या हातात असणं यात फरक आहे.

शिवाय कॅमेरा चालू ठेवण्याची किंमत असते. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेनसन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची चार कारणं मांडली: सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणं, एका जागी जखडून बसावं लागणं, आणि हावभाव समजून घ्यायला मेंदूला पडणारे जादा कष्ट. आरशासमोर बसून सहा तास शिकायला सांगितलं तर कोण तयार होईल?

म्हणून कॅमेऱ्याची सक्ती नको, असं माझं स्पष्ट मत आहे. आमंत्रण मात्र असावं. तासाची पहिली तीन मिनिटं ज्याला जमेल त्याने हात हलवावा, मग खुशाल बंद करावा. चौकोनात स्वतः काढलेलं चित्र लावू द्यावं. उत्तर वहीवर मोठ्या अक्षरात लिहून फक्त वही कॅमेऱ्यासमोर धरायला सांगावी. चेहरा दाखवावा लागत नाही आणि शिक्षकाला मुलाचं अक्षर दिसतं. स्वतःचा चेहरा फक्त स्वतःच्या पडद्यावरून लपवायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, तीही शिकवून ठेवावी.

लिहिणारी मुलं

वर्गात कधीच हात वर न करणारी काही मुलं चॅटमध्ये भरभरून लिहितात. संवादशास्त्राचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर १९९०च्या दशकापासून सांगत आले आहेत की नुसत्या मजकुरातूनही नाती जवळची होऊ शकतात. फक्त त्यांना वेळ जास्त लागतो, कारण एका नजरेत जे कळतं ते शब्दाशब्दाने कळवावं लागतं. यातून शिक्षकाने घ्यायचं ते एवढंच की जून-जुलैत वर्ग थंड वाटला म्हणून हात टेकू नयेत. आणि चॅट हा गोंगाट समजून बंद करू नये. कोणी रोमन लिपीत मोडकीतोडकी मराठी लिहिली तर लिहू द्यावी. शुद्धलेखन मराठीच्या तासाला पाहता येईल. कोणी लिहिलेला मुद्दा नाव घेऊन वाचून दाखवावा. "आत्ता साक्षीने लिहिलंय की..." एवढ्याने साक्षी पुढच्या तासाला पुन्हा लिहिते.

नाव घेणं ही यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. पडद्यावर नाव छापलेलंच असतं, तरी ते उच्चारलं जात नाही. शिवाय फोन बाबांचा असेल तर पडद्यावर बाबांचं नाव येतं आणि मुलगा वर्षभर 'संजय' म्हणून वावरतो. पहिल्याच दिवशी हे बदलून घ्यावं.

एक फोन

आपल्याकडचा ऑनलाइन वर्ग म्हणजे बहुतांश ठिकाणी व्हॉट्सॲपचा गट. सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या 'असर' सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे ६२ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आढळला. पण सर्वेक्षणाच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्यास मिळालेली मुलं साधारण एक तृतीयांशच होती, आणि तो येण्याचा मुख्य रस्ता होता व्हॉट्सॲप. गट आठवून पाहा: पीडीएफ, मग 'ओके सर', 'ओके मॅडम'च्या रांगा, मध्येच कोणाच्या तरी मामांचं सुप्रभात. वैतागून शिक्षक 'फक्त ॲडमिन लिहू शकतात' हे बटण दाबतात. गट शांत होतो, आणि मूर यांच्या हिशेबात अंतर वाढतं.

बोट्स्वाना देशात २०२० मध्ये शाळा बंद असताना सुमारे साडेचार हजार कुटुंबांसोबत एक प्रयोग झाला. एका गटाला दर आठवड्याला गणिताचे प्रश्न एसएमएसने पाठवले. दुसऱ्याला तेच एसएमएस, शिवाय आठवड्यातून एक फोन, पंधरा-वीस मिनिटांचा. साधा फोन, व्हिडिओ नाही, इंटरनेट नाही. फोन स्पीकरवर ठेवायचा, पालक आणि मूल दोघांनी ऐकायचं, एखादं गणित मिळून सोडवायचं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फोन असलेल्या गटाचं गणित सुधारलं. नुसत्या एसएमएसने लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. प्रश्न दोघांकडे तेच होते. जादा होता तो एक माणूस, जो ठरल्या वेळी फोन करत होता.

इटलीतही २०२० मध्येच कॉलेजच्या स्वयंसेवकांनी मागे पडलेल्या शाळकरी मुलांना आठवड्यातले काही तास एकेकटं ऑनलाइन शिकवलं. मुलांचे गुण वाढले, आणि त्यांचं मनही ताळ्यावर राहिलं.

साठ मुलांच्या वर्गात हे कसं जमायचं, हा प्रश्न रास्त आहे. हिशेब करू: दिवसाला दहा-दहा मिनिटांचे तीन फोन, महिन्यात वीस शाळेचे दिवस, म्हणजे साठ मुलं महिन्यातून एकदा. रोजचा अर्धा तास लागतो, आणि तो शाळेने वेळापत्रकात द्यायला हवा; शिक्षकाच्या रात्रीच्या जेवणातून कापून घ्यायचा नाही. मुख्याध्यापक हा अर्धा तास देणार नसतील, तर नात्यांवरची प्रशिक्षणं घेऊन उपयोग नाही. तेही जमत नसेल तर वही तपासताना 'छान' असं टाइप करण्याऐवजी अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवावा: "ओंकार, रीत बरोबर आहे, हातचा विसरलास." आवाजात माणूस असतो, आणि तेवढंच टाइप करण्यापेक्षा बोलायला वेळही कमी लागतो.

इथे मर्यादाही पाळायला हव्यात. फोन पालकांच्या नंबरवर आणि त्यांच्या माहितीने. मुलींचे नंबर सगळ्या गटाला दिसत राहतात, त्याचा त्रास त्यांनाच होतो. शक्य असेल तिथे शाळेचं ॲप वापरावं. रात्री आठनंतर मेसेज नाही, हा नियम दोन्ही बाजूंना. विद्यार्थ्याशी लपूनछपून चालणारं चॅटिंग हे नातं जुळल्याचं लक्षण मानू नये, ती धोक्याची खूण आहे.

मुलांचं आपापसांत

शिक्षकाशी नातं जुळवण्याच्या नादात मुलांचं एकमेकांशी असलेलं नातं विसरलं जातं. मुलं शाळेत येतात ती निम्मी तरी एकमेकांसाठी. ऑनलाइन वर्गात शिक्षक सगळ्यांना दिसतो, मुलं एकमेकांना दिसत नाहीत. त्यावर ब्रेकआउट रूमचा, म्हणजे काही मुलांना त्याच वर्गातून वेगळ्या छोट्या ऑनलाइन खोलीत पाठवण्याचा, उतारा सांगितला जातो. चार अनोळखी मुलं एका खोलीत टाकून "चर्चा करा" म्हटलं की चौघंही म्यूट करून बसतात, हे कोणीही अनुभवू शकतो. त्यांना काय करायचं हे माहीत नसतं, आणि पाच मिनिटांनी पुन्हा कधी भेटणार नसलेल्या माणसाशी ओळख कशाला वाढवायची, हाही विचार असतो.

म्हणून गट चारांचा आणि निदान सहामाहीभर तोच. काम असं की एकाशिवाय दुसऱ्याचं अडावं. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनला १९७१ मध्ये इलियट अॅरन्सन यांनी हीच युक्ती तणाव असलेल्या वर्गांत वापरली होती: धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा आणि त्यानेच तो बाकीच्यांना शिकवायचा. मग न आवडणाऱ्या मुलाचंही ऐकावंच लागतं. ऑनलाइनमध्ये हे फोनवरूनही जमतं. गटातलं कोणी आलं नाही तर उरलेल्या तिघांनी त्याला विचारायचं, एवढी एक जबाबदारी गटावर टाकावी. आणि तास सुरू होण्याआधी दहा मिनिटं लिंक उघडी ठेवावी, शिक्षकाने आत असूनही काही शिकवू नये. मुलं क्रिकेटवर बोलतील, बोलू द्यावं.

हजारोंचे वर्ग

शेवटी कोचिंगबद्दल. स्पर्धा परीक्षांचे, नीट-जेईईचे लाइव्ह वर्ग हजारो मुलं एकदम पाहतात. तिथेही मुलांना 'आपले सर' वाटतात. सरांचे विनोद पाठ असतात, त्यांच्या एका वाक्यावर मुलं रात्र जागून अभ्यास करतात. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये टीव्ही पाहणाऱ्यांच्या बाबतीत अशा एकतर्फी जवळिकीचं वर्णन केलं होतं: पाहणाऱ्याला समोरचा ओळखीचा वाटतो, समोरच्याला मात्र पाहणाऱ्याचा पत्ताही नसतो. ही जवळीक खोटी नाही. तिच्यातून हुरूप येतो, आणि गावात एकट्याने अभ्यास करणाऱ्याला तो लागतो. पण मुलगा तीन चाचण्यांत मागे पडला, किंवा महिनाभर आलाच नाही, तर सरांना कळायला मार्ग नसतो.

मोठ्या वर्गांत हे काम म्हणून दुसऱ्या कोणावर तरी सोपवावं लागतं: वीस-तीस मुलांमागे एक मार्गदर्शक, ज्याला ती मुलं नावाने माहीत आहेत. फी भरण्याआधी पालकांनी वर्गाच्या माणसांना हे नक्की विचारावं की मुलगी सलग तीन तास आली नाही तर ते कोणाच्या लक्षात येतं आणि ती व्यक्ती काय करते. 'ॲपवरून आपोआप मेसेज जातो' असं उत्तर आलं, तर मार्गदर्शक कोण, त्याच्याकडे मुलं किती, आणि तो वर्षभर तोच राहणार आहे का, हेही विचारून घ्यावं.